सिंधुबाईच्या अंगठ्यावरची खूण

मित्रांनो, मेंढ्यांची लोकर उतरवण्यासाठी घडवलेली मी एक जुनी कातर आहे. सुप्याच्या एका लोहाराने मालमोटारीच्या स्प्रिंगचा पाटा तापवून मला आकार दिला. नऊ इंचांची दोन पाती, मध्ये एक खिळा आणि मुठीला चिंध्यांचा वेढा, एवढाच माझा देह. इंदापूर तालुक्यातील निरवांगीच्या महिपतीने मला बाजारातून घरी आणले. पुढची नऊ वर्षे त्याच्याखेरीज कोणीही मला हात लावला नाही. तो मेंढीची लोकर अखंड, गोधडीसारखी उतरवत असे. लोक त्याच्या हाताची स्तुती करीत आणि ती माझीही आहे असे मी समजत असे.

१९८८ साली दिवाळीनंतरची कातरणी चालू होती. महिपतीची थोरली भावजय सिंधुबाई मेंढीचे पाय धरून बसली होती. महिपती शेजाऱ्याची चेष्टा करण्यात गुंतला होता. त्याची नजर माझ्या पात्यांवर नव्हती. मेंढीने झटका दिला आणि मी सिंधुबाईच्या डाव्या अंगठ्याचे पेर आडवे, हाडापर्यंत चिरले.

"आवो भावजी, अंगठा गेला माझा!"

महिपतीने माझे पाते त्याच मेंढीच्या लोकरीला पुसले. "रडती कशाला वैनी? अंगठ्यानं काय सही करायचीया व्हय तुला!"

सगळे हसले. तिचा नवरा बिरूही हसला. दवाखान्यात तिला नेले ते अक्काबाईने. अक्काबाई गावातल्या सरकारी दवाखान्यात परिचर होती आणि सिंधुबाईची मैत्रीण होती. चार टाके पडले, तोवर तिने तो हात सोडला नाही.

पुढच्या वर्षी महिपतीला साखर कारखान्यात नोकरी लागली. त्याने मला पडवीतल्या खुंटीला अडकवले आणि घरात बजावले, "हिला कुणी शिवायचं न्हाय." बिरूने स्वतःसाठी नवी कातर आणली. माझ्या खिळ्याला गंज धरू लागला.

१९९१ च्या उन्हाळ्यात बिरू तापाने गेला. त्यांना मूलबाळ नव्हते. पाच एकर जमिनीपैकी निम्मी बिरूची होती. वारस म्हणून आपले नाव लावावे, यासाठी सिंधुबाई तलाठ्याकडे गेली, तेव्हा त्याने तिला बिरूच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच नोंदणी झालेले हक्कसोडपत्र दाखवले. आपला हिस्सा तिने राजीखुशीने दिराला सोडला होता, असे त्यात लिहिले होते. खाली डाव्या हाताचा अंगठा होता.

"मी त्या कचेरीची पायरीबी चढली न्हाय!" ती म्हणाली.

महिपती शांतपणे म्हणाला, "दुःखात बाईमाणूस इसरतंय." त्याच आठवड्यात त्याने तिचे अंथरूण घरातून पडवीत, माझ्या खुंटीखाली, आणून टाकले.

दावा दाखल झाला. अक्काबाई रजा काढून प्रत्येक तारखेला तिच्यासोबत जाई. कागदावरचा ठसा जखमेच्या आडव्या रेषेवाचून संपूर्ण होता, हे प्रथम तिनेच पाहिले. परंतु शाई जास्त झाल्याने ठसा पसरला होता आणि तज्ज्ञाने निश्चित मत देण्यास नकार दिला. महिपतीने प्रतिज्ञापत्र केले: 'जखम माझ्याच कातरीने झाली हे खरे, परंतु ती कागद झाल्यानंतर, वैनी एकटीच मेंढ्या कातरताना झाली.' दवाखान्याची जुनी नोंदवही मागवली, तर १९८८ ची पाने वाळवीने खाल्लेली निघाली.

"बाई, आता ती मेंढीच आणा साक्षीला!" महिपतीचे वकील म्हणाले. सारे कोर्ट हसले.

बाहेर आल्यावर सिंधुबाई म्हणाली, "अक्के, संपलं गं."

"मेंढी ऱ्हाऊ दे," अक्काबाई म्हणाली. "कातर आणू. त्येला तिचा लई तोरा हाय."

अशा रीतीने १९९७ साली मी कोर्टाच्या टेबलावर आले. मी पूर्ण गंजलेली होते आणि माझी पाती उघडत नव्हती. सिंधुबाईच्या वकिलांनी विचारले, "ओळखता का?"

"न वळखाया काय झालं? माझीच हाय," महिपती म्हणाला.

"कातरणीत तुमचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे."

महिपती खुलला. "आजबी न्हाय! माझ्याबिगर हिला कुणी हात लावला आसंल तर दावा. कारखान्यात लागलो त्या दिशी खुंटीला टांगली. कुणाची टाप न्हाय काढायची."

"म्हणजे एकोणनव्वद साली?"

"व्हय."

"तेव्हापासून तिने काहीच कातरलेले नाही?"

"काय कातरतीय? बघा की, गंजून बसलीया."

"मग एक्क्याण्णवच्या कागदानंतर हिने सिंधुबाईंचा अंगठा कसा कापला?"

महिपतीने माझ्याकडे पाहिले. मग त्याने मागच्या बाकाकडे बोट केले. त्याची बायको द्वारकाबाई त्याच्या जेवणाचा डबा मांडीवर घेऊन तेथे बसली होती.

"त्यो अंगठा द्वारकीचा हाय, सायेब. बायकांनी बायकांत केलं. मला काय ठावं?"

द्वारकाबाईच्या मांडीवरून डबा पडला. तो कोणी उचलला नाही.

सिंधुबाईला तिचा हिस्सा मिळाला. अक्काबाईने मला रॉकेलमध्ये बुडवले, विटेच्या भुकटीने घासले, खिळ्याला तेल दिले. माझी पाती पुन्हा उघडली. आता आपले भले दिवस आले, असे मला वाटले.

एका सकाळी सिंधुबाई माझ्या मुठीला नव्या चिंध्या गुंडाळत होती. द्वारकाबाई दाराशी येऊन बसली. खोट्या अंगठ्याचा गुन्हा तिच्यावर दाखल झाला होता. पोलिसांनी तिचे ठसे घेतले होते आणि डावा अंगठा अजून काळा होता.

"जाऊबाई, ह्यांनी मला तुमचं लुगडं नेसवलं, डोईवर पदर ओढाया लावला. दावलं तितं मी अंगठा टेकला. तुमी एकदा साहेबाला सांगा, हिचा दोस न्हाय म्हणून. न्हायतर मला आत टाकत्याल."

ती रडू लागली. अक्काबाईने सिंधुबाईच्या खांद्यावर हात ठेवला. सिंधुबाईने तो झटकला आणि माझी पाती एकदा उघडून मिटली.

"रडती कशाला द्वारके?" ती म्हणाली. "अंगठ्यानं काय सही करायचीया व्हय तुला!"

या वेळी कोणीही हसले नाही. अक्काबाई उठली, पायांत चपला घालून निघून गेली. ती त्या घरी पुन्हा आली नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, धार लावा, कोरड्या जागी ठेवा; मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. पण मला हातात घ्याल तेव्हा समोर कोणाचा हात आहे, ते आधी बघा. ते बघायला मला डोळे नाहीत.