तेरा नंबर नापास

डॉक्टरबाईंनी पिंजऱ्याचं दार उघडलं, आत दोन पावलं टाकली आणि हातातला पत्र्याचा डबा दांडक्याने बडवला.

कोल्ही कोपऱ्यातून उठली. बरी झालेली मागची तंगडी तिने एकदा ताणली, जांभई दिली आणि येऊन डॉक्टरांच्या कोटाला नाक लावून बसली.

"दुसऱ्यांदा नापास," जाळीबाहेरून मावशी म्हणाल्या. मावशी केंद्रात मांस कापायच्या, आणि बोलायच्याही तशाच, हाडापर्यंत.

डॉक्टरांनी तक्त्यावर लिहिलं : रुग्ण क्रमांक तेरा. माणसाचा धाक : नाही.

जखमी जनावरांच्या त्या केंद्रात बरं होणं सोपं होतं, सुटका अवघड होती. माणूस दिसताच जिवाच्या आकांताने पळेल, तोच जीव रानात परत जायचा. म्हणून रुग्णांशी बोलायचं नाही, त्यांना नाव ठेवायचं नाही, लाड तर नाहीच नाही. चेहरे ओळखीचे होऊ नयेत म्हणून सगळ्यांना एकसारखे राखाडी कोट आणि तोंडावर फडकं. कोटाशिवाय पिंजऱ्यात पाऊल ठेवायचं नाही, हा नियम खुद्द डॉक्टरांचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, इथे उपचार चालले नसून बँक लुटायची तयारी चालली आहे.

तिसऱ्यांदा नापास झालेलं जनावर जन्मभरासाठी प्राणिसंग्रहालयात जायचं. तिथली गाडी आज चार वाजता येणार होती, तिसरी परीक्षा त्याआधीच उरकायची होती. आता सव्वातीन वाजले होते.

"कुणीतरी हिचे लाड करतंय," डॉक्टर म्हणाल्या.

"माझ्याकडे बघू नका. मी हिच्याशी ब्रही काढत नाही. घरी नवऱ्याशी काढत नाही, ही कोण लागून गेली?"

मावशींचं म्हणणं पटण्यासारखं होतं. उरले भाऊजी.

भाऊजी म्हणजे डॉक्टरांचे धाकटे दीर. नोकरी सुटली म्हणून दोन महिन्यांसाठी आले होते, त्याला तीन वर्षं झाली. पिंजरे धुणं, पाणी भरणं, दोन वेळा खाणं ठेवणं त्यांच्याकडे. गेले आठ दिवस डॉक्टर त्यांच्यावर पाळत ठेवून होत्या. मंगळवारी ते तेरा नंबरसमोर अकरा मिनिटं उभे होते. गुरुवारी त्यांचे ओठ हलताना दिसले. काल रात्री तर त्यांनी ताटात भाजी वाढली, तेव्हा डॉक्टरांना त्यांचा हातच संशयास्पद वाटला. फार मायेने वाढत होते.

डॉक्टर खाणं तयार करायच्या खोलीत गेल्या. भाऊजी बादल्या विसळत होते.

"खिसे दाखवा."

भाऊजींनी कोटाचे खिसे उलटे केले. बिस्किटाचा चुरा पडला.

"हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मीही सस्तन प्राणी आहे, वहिनी."

"गुरुवारी तिच्याशी काय बोलत होतात?"

"दाढ दुखत होती. जिभेने चाचपत होतो."

"अकरा मिनिटं?"

"ते मंगळवारी. तेव्हा तोटी गळत होती." ते थांबले. "तुम्ही घड्याळ लावून बसता माझ्यावर?"

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सरकवलं. भाऊजींनी बादली खाली ठेवली आणि तडक पिंजऱ्यांकडे निघाले. मागोमाग डॉक्टर, आणि काही चुकायला नको म्हणून मावशी.

तेरा नंबरपाशी त्यांनी अंगातला कोट काढला.

"हा घ्या तुमचा कोट. चोर म्हणवून घेऊन विष्ठा काढायला मला जमणार नाही."

त्यांनी तो तावातावाने दारावर भिरकावला. दार उघडंच राहिलं होतं, म्हणजे डॉक्टरांकडूनच. कोट आत जाऊन पडला. भाऊजींनी एवढ्या रागातही आधी दाराला कडी घातली.

कोल्ही आली. तिने कोटाची एक बाही हुंगली, मग दुसरी. मग त्याच्यासमोर नीट बसली, आणि रिकाम्या गळ्याकडे बघत जेवणाची वाट पाहू लागली.



"आत कुणी नाही," मावशी म्हणाल्या. ते सगळ्यांनाच दिसत होतं.

बारा आठवडे त्या कोटाने तिला खाऊ घातलं होतं. आणि दोन्ही परीक्षांना डॉक्टर तसलाच कोट घालून आत गेल्या होत्या, नियमाप्रमाणे.

"भाऊजी..."

"राहू द्या. साडेतीन होत आलेत. बिनकोटाचा, तिला कधी खाऊ न घातलेला माणूस लागेल."

असा एकच माणूस आवारात होता. तो हिला नेणाऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसला होता. शेजारच्या माळावरचा कोंबडीवाला. त्याच्याच सापळ्यात हिची तंगडी मोडली होती. तेव्हापासून डॉक्टरांनी त्याला शेजाऱ्यांच्या वर्गात बसवलं होतं. सापळे न लावता जनावरांसोबत कसं राहायचं, ते तिथे शिकवत. तो पहिल्या रांगेत बसून भांडायचा. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, मग माझ्याकडचा कोंबडीखाली बोलत का नाही, हा त्याचा कायमचा प्रश्न.

"चारची गाडी नक्की ना, बाई?" त्याने विचारलं.

"तुम्ही आत गेलात आणि ती पळाली, तर गाडी रिकामी जाईल."

"म्हणजे मीच तिला सोडवायची? माझ्याच कोंबड्यांवर?" तो डॉक्टरांकडे डोळे बारीक करून बघत राहिला. "यात काय डाव आहे?"

"डाव नाही. नापास झाली तर मरेपर्यंत पिंजऱ्यात. खुराड्याभोवतीची जाळी मी स्वतः येऊन पुरून देते."

"पुरली मी. कालच. तुम्ही वर्गात सांगितलं तशी, दीड फूट खोल." हे त्याने अपराध कबूल केल्यासारखं सांगितलं. मग उठला. "चला. बघू तरी."

भाऊजींनी आकड्याने कोट बाहेर ओढून डॉक्टरांच्या हातात दिला. कोंबडीवाला डबा-दांडकं घेऊन दारातून वाकून आत शिरला.

त्याचं एक पाऊल आत पडलं असेल, कोल्हीच्या पाठीवरचे केस उभे राहिले. ती मागच्या जाळीवर जाऊन आपटली, खाली पडली, पुन्हा आपटली आणि पाण्याच्या हौदामागच्या फटीत घुसली. फटीतून नुसती शेपूट दिसत होती. ती थरथरत होती.

डॉक्टरांनी तक्त्यावर लिहिलं : आहे. आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात : पास.

मावशींनी टाळी वाजवली. दुसरी वाजवली नाही.

कोंबडीवाला बाहेर आला. डबा तसाच हातात होता.

"मी तर काही केलंच नाही. वाजवलंसुद्धा नाही."

"गरज पडली नाही."

"ओळखलं तिने मला?"

डॉक्टरांनी क्षणभर तोंडावरचं फडकं नीट केलं. "वासावरून. सापळ्याला तुमच्या हाताचा वास होता."

"विसरेल पण. हळूहळू."

"विसरू नये, म्हणून तर हे सगळं."

"बरोबर," तो म्हणाला. "बरोबर आहे." त्याने डबा काळजीपूर्वक जमिनीवर ठेवला, आवाज होणार नाही असा.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. गाडी रिकामी परत पाठवायला भाऊजी फाटकाकडे गेले. जाता जाता त्यांनी डॉक्टरांच्या हातून कोट घेतला, पण अंगात घातला नाही.

"परवा सकाळी माळावर सोडू," डॉक्टर कोंबडीवाल्याला म्हणाल्या. "आम्ही शेजाऱ्यांना बोलावतो. याल ना?"

तो पिंजऱ्याकडे बघत होता.

"मी नको," तो म्हणाला. "उगाच घाबरेल."

आणि पिंजऱ्यासमोरची वाट सोडून, मागच्या चिखलातून, लांबच्या वाटेने घरी गेला.