भोकाची खुर्ची

खुर्ची आली तेव्हा प्लंबरकाका सोफ्याच्या कोपऱ्यात गळ्याभोवती टॉवेल अडकवून बसले होते. कित्येक महिने ते तिथेच बसत होते. टॉवेल लाळेसाठी होता. लाळ काही जास्त येत नाही, ती गिळायची राहून जाते, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ओल्या टॉवेलाला वास यायचा तो यायचाच, आणि तो नाकाखालीच असल्यामुळे पहिला मान काकांचा. आंबट, कुबट वास. जन्मभर लोकांचे तुंबलेले संडास मोकळे केलेल्या माणसाला स्वतःच्या हनुवटीची किळस यावी, ही थट्टाच म्हणायची.

मुलाने खोका फोडला. आतून निघाली पांढरी, चाकं लावलेली खुर्ची. बैठकीच्या मधोमध भलंमोठं भोक, आणि भोकाखाली निळी प्लास्टिकची बादली, झाकणासकट.

"बघा बाबा, कशी आहे! आता बाथरूमपर्यंत जायची कटकटच नाही. इथल्या इथे काम."

इथल्या इथे म्हणजे हॉलमध्ये. जागा तेवढीच होती, जेवायचं टेबल आणि टीव्ही यांच्यामध्ये. काकूंनी लगेच दोरी बांधून तिच्यावर जुनी चादर टाकली आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं.

"झालं की नाही छान? चादर ओढली की कुणाला कळणारसुद्धा नाही."

नाकं काय शेजारी ठेवायला देणार आहात? काका मनात म्हणाले. तोंडाने बोलायचं तर आवाज इतका बारीक निघायचा की समोरचा "काय?" म्हणून कान पुढे करायचा, आणि तेच वाक्य तीनदा बोलण्यात त्यातली सगळी धार जायची.

खरं तर बाथरूम सोफ्यावरून दिसत होतं. हॉल ओलांडला की समोर. आतला कमोड काकांनी स्वतःच्या हाताने बसवला होता, लेव्हल लावून, आणि इतक्या वर्षांत त्याखालून पाण्याचा थेंब आला नव्हता. त्याच बाथरूमच्या दारात काका पडले होते. दारापाशी आले की त्यांचे पाय फरशीला चिकटायचे. त्या दिवशी पाय चिकटले आणि अंग पुढे गेलं. हाड मोडलं नाही, नुसतं खरचटलं. पण काकूंनी आरडाओरडा करून इमारत गोळा केली, आणि चार बाप्यांनी काकांना ओल्या पायजम्यासकट गादी उचलावी तसं उचललं. त्यातला एकजण मान वळवून श्वास रोखून चालला होता. गंमत म्हणजे त्याच्याच घरचा चोकअप काकांनी दोनदा काढला होता, आणि तेव्हा काकांनी नाक मुरडलं नव्हतं.

त्यानंतर काका बसले ते बसलेच. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "गोळीचा असर असतो तेव्हा तुम्ही चालू शकता. तुम्हाला आजारापेक्षा भीतीनं जास्त धरलंय. हलत राहा, नाहीतर आहे तेही जाईल." काकूंनी त्यातलं स्वतःच्या सोयीचं तेवढं ऐकलं, आणि घरी येऊन म्हणाल्या, "आता जागचं हलायचं नाही हं."

पाय चिकटणं हा कंपवाताचा आजार होता, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. पण उठायचा नुसता विचार आला की पोटात गोळा यायचा, तळवे घामाने भिजायचे, ती भीती होती. घरच्यांना दोन्ही सारखंच दिसायचं, आणि काकांनीही ते तसं दिसू दिलं होतं. आजारी माणसाला कोणी नावं ठेवत नाही, भित्र्या म्हाताऱ्याला ठेवतात. मग आली लघवीची बाटली. मग आलं काकूंचं "आता आपण शू करू या हं." आपण! काकूंना कोणी बाटली लावली होती? बाटली उन्हात ठेवल्यासारखी कोमट व्हायची आणि काकूंच्या हातात हिंदकळायची, आणि काका छताकडे बघत बसायचे. संडासला तेवढं मुलगा धरून बाथरूमपर्यंत न्यायचा.

दुपारी सगळे जेवायला बसले. काकूंनी काकांना भात भरवला, आणि हनुवटीवर सांडलेला चमच्याने खरवडून पुन्हा तोंडात घातला. काकांनी तो गिळला. गिळताना अंगावर काटा आला. आणि नेमकी त्याच वेळी पोटात कळ आली.

काकूंनी ओळखलं. त्यांचा चेहरा उजळला. "लागली का? अरे, ती खुर्ची आण रे!"

"मी जेवतोय ना, आई."

"तू जेव. आम्ही चादर ओढतो."

मुलाने एका हाताने खुर्ची ढकलत आणली. दुसऱ्या हातात घास होता. भोक काकांच्या समोर येऊन थांबलं. आता चादरीआड बसायचं, बादलीत आवाज होणार, आणि पलीकडे पोरगा आमटी भुरकत बसणार. स्वतःला ऐकू येऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवणार. आणि एकदा या भोकावर बसलो की बाथरूम संपलं, हे काकांना लख्ख कळलं. बाटली आली तेव्हाही थोड्या दिवसांसाठीच आली होती.

"बाथरूम," काका म्हणाले.

"काय?"

"बाथरूमला जाणार."

"आणि पडलात तर?" मुलगा म्हणाला. "परत लोकांना बोलवायचं का?"

काकांच्या पोटात गोळा आला. दार दिसलं, चिकटलेले पाय दिसले, ते चार बापे दिसले, वळवलेली ती मान दिसली. तळव्यांना घाम फुटला. आणि त्या घाणेरड्या घाबरण्यातच काकांना एक गोष्ट नव्याने दिसली. त्यांना फरशीची भीती वाटत नव्हती. फरशीची कशाला वाटेल? आख्खी उमर तिच्यावरच, लोकांच्या बेसिनखाली उताणी पडून काढलेली. ओलं, बुळबुळीत, केसांचे गुंते, सगळं पाठीखाली घेऊन. भीती होती ती उचलले जाण्याची.

काका सोफ्याच्या कडेशी सरकले. हात सोफ्याच्या दांडीवर ठेवला. एक गुडघा खाली टेकवला, मग दुसरा.

"पडले! अगं बाई, पडले!" काकू ओरडल्या. मुलगा हातातल्या घासासकट धावला.

"हात लावू नका!" काका म्हणाले. आवाज बारीकच होता, पण या वेळी "काय?" कोणी विचारलं नाही.

त्यांनी दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. भार पडल्याबरोबर उजव्या हाताची थरथर थांबली. पोटातला गोळा मात्र तिथेच होता. काका तो गोळा घेऊनच रांगायला लागले. सोफ्याखाली धुळीचे बोळे दिसले, वाळलेला भात दिसला, आपणच कधीतरी थुंकलेली एक गोळी दिसली. शी! आपण रोज या उकिरड्यावर बसत होतो तर.

"अहो, काय हे!" काकूंनी पदर तोंडाला लावला. "जनावरासारखं? मला बघवत नाही. उठा आधी!"

काका थांबले. धाप लागली होती, लाळ फरशीवर ठिबकली होती. "जनावर," ते म्हणाले, "जेवणाच्या टेबलापाशी घाण करत नाही."

मुलाने हातातल्या घासाकडे बघितलं आणि तो ताटात ठेवून दिला.

बाथरूमच्या दारात काका थबकले. इथेच पाय चिकटायचे. पण गुडघे काही चिकटले नाहीत. उंबरठ्यावरून एक हात गेला, मग एक गुडघा, आणि दार मागे राहिलं. कमोडच्या कडेला धरून, मग फ्लशच्या टाकीखालच्या पाइपला धरून काका वर आले. तो पाइप वजन झेलतो, कारण तो त्यांनीच भिंतीत पक्का केलेला. पायजमा सोडताना बोटांनी बराच छळ मांडला. पण बसले. पायाने दार ढकललं. आतली कडी मुलाने पडल्याच्या दुसऱ्या दिवशीच काढून टाकली होती, तिथे आता नुसती स्क्रूची भोकं होती.

काकांनी तळवे बघितले. काळे झाले होते. ही साधी घाण होती, साबणाने जाणारी. परत जाताना पुन्हा तसंच रांगावं लागणार होतं, आणि उद्याही, आणि या विचाराने पुन्हा घाम फुटलाच. पण निदान पोटाचं काम होत होतं, आणि ते कोणी ऐकत नव्हतं.

बाहेर पावलं वाजली. दार दोन बोटं आत आलं.

"बाबा? येऊ का? धुवायला?"

काकांनी पाय दाराला लावला. पाय थरथरत होता, दारही त्याच्याबरोबर थरथरायला लागलं.

"थांब बाहेर," काका म्हणाले. "आत माणूस आहे."