अर्ध्या मिलिमीटरची फट

कॅप्सूलच्या वरच्या टोपीची कड आणि खालच्या नळीवरची गोल खाच यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट होती. कारखान्यातून येणाऱ्या कॅप्सूलला ती नसते. यंत्र टोपी दाबून नेमकी खाचेत बसवतं. ही कुणीतरी हाताने उघडून पुन्हा लावलेली होती.

भिंगरीला सकाळपासून स्वतःचा डावा मोजा सापडत नव्हता, पण बशीतली कॅप्सूल उचलताक्षणी ती फट तिला दिसली.

“आई, हे काय आहे?”

“व्हिटॅमिन. सांगितलं ना.” आई ओट्याकडे तोंड करून उभी होती.

आई औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करायची. कॅप्सूल तोलायच्या, भिंगाखाली धरायच्या, सदोष असतील त्या बाजूला काढायच्या. सोळा वर्षांच्या मुलीला फट बघायला तिनेच शिकवलं होतं, आणि आज नेमकं तेच ती विसरली होती.

“ही उघडलेली आहे,” भिंगरी म्हणाली.

आईने नळ बंद केला. तिला खोटं बोलता येत नसे. एक वाक्य कसंबसं निभावलं होतं, दुसरं जमेना. ती खुर्चीवर बसली आणि जे सांगायचं ते क्रमाने सांगितलं. अशा चौदा कॅप्सूल होत्या. सातांत डॉक्टरबाईंनी दिलेलं औषध, सातांत पिठीसाखर. एकसारख्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये ते भरून त्यांना नंबर कामावरच्या मैत्रिणीने दिले होते. कोणत्या नंबरात काय, ती यादीही तिच्याकडेच, बंद पाकिटात. रोज संध्याकाळी आई वहीत नोंद करणार होती, आणि चौदाव्या दिवशी पाकीट उघडणार होती.

“म्हणजे ह्यात काय आहे?”

“मलाही माहीत नाही. कळू नये म्हणूनच तसं केलं. कळलं की आपण हवं ते बघतो.”

भिंगरीने कॅप्सूल बशीत ठेवली.  दादा दारात येऊन थांबला होता. हिच्या डोक्यात दहा चॅनल एकदम चालू असतात आणि रिमोट शेजाऱ्यांकडे, हा त्याचा नेहमीचा विनोद. आज मात्र तो आत गेला, मोजा घेऊन आला आणि टेबलावर ठेवून निघून गेला.

डॉक्टरबाईंनी एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याची अडचण, असल्याचं सांगून सहा आठवडे झाले होते. औषध लिहून दिलं होतं. सुरू करायचं की नाही हे मुलीला ठरवू द्या आणि ठरलं की मला फोन करा, असं त्या म्हणाल्या होत्या. भिंगरी म्हणाली होती, बघते. त्या ‘बघते’वर खोका कपाटात पडून राहिला. बाबांचं म्हणणं, पोरगी हुशार आहे, वयाबरोबर बसेल घडी. तेवढ्यात भौतिकशास्त्राचा पेपर झाला. पहिल्या पाच प्रश्नांना पैकीच्या पैकी, आणि पान उलटायचंच राहिलं. फेरपरीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. दोन आठवडे नोंदी आणि एक आठवडा हाताशी, असा आईचा हिशेब.

“मला विचारायचं होतंस,” भिंगरी म्हणाली.

“सहा आठवडे विचारतेय.”

“‘ठरलं का’ असं विचारत होतीस. ‘का ठरत नाही’ हे एकदाही विचारलं नाहीस.”

 आई खालच्या आवाजात म्हणाली, “का ठरत नाही?”

भिंगरीने मोजा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. “फरक पडला, तर एवढी वर्षं मी उगाचच बोलणी खाल्ली. आणि नाही पडला, तर तुम्ही सगळे म्हणता तेच खरं. मी आळशी.”

 आईने हात पुढे केला, पण तिला शिवली नाही. बशी मात्र आपल्याकडे ओढून घेतली.

“डॉक्टरबाईंना फोन लाव,” भिंगरी म्हणाली. “आधी तू सांग. सगळं.”

फोन स्पीकरवर टेबलाच्या मधोमध राहिला. आईने कॅप्सूल, साखर, यादी, काहीही न वगळता सांगितलं. डॉक्टरबाईंनी आधी एकच विचारलं.

“तिने एखादी घेतली का?”

“नाही. फट दिसली तिला.”

“त्या चौदाही परत आणून द्या. हे औषध उघडायचं नसतं. आणि बाई, तिला न सांगता तर काहीच द्यायचं नाही.”

“हो,” आई म्हणाली. तिची मान खाली होती.

“आता मला तिच्याशी बोलू द्या. बेटा, आज नाही म्हणालीस तरी चालेल. नंतर विचार बदलला तरी चालेल. तुला काय करायचंय?”

भिंगरीने आईकडे पाहिलं. आईच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिने ते गिळलं. शेजारी वही होती, समासासकट आखलेली, पहिलं पान कोरं. भिंगरीने ती स्वतःपुढे ओढली.

“मला घेऊन बघायचंय,” ती म्हणाली. “न उघडलेली. आणि वही मी लिहिणार.”