गाडीचा हीटर आणि आईचे बोळे

मी नळाचं काम करणारा माणूस. गळके नळ, तुंबलेले पाइप, रात्रभर घरघरणाऱ्या टाक्या यांच्याशी आयुष्यभर भांडत आलोय आणि बहुतेक वेळा मीच जिंकलोय. पण दादांच्या गाडीच्या हीटरने मला जेवढं छळलं, तेवढं कुठल्या नळाने छळलं नाही. वैऱ्याच्याही वाट्याला असला हीटर येऊ नये.

दादा म्हणजे माझे वडील. ते गेले, गाडी राहिली. लांब नाकाची, गोल दिव्यांची, मागे पलंगासारखं सलग सीट असलेली. तिच्या वयाच्या गाड्या आता लोक प्रदर्शनात दोरी बांधून ठेवतात. आमची अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि आई मागे लागायची म्हणून मी ती अधूनमधून सुरू करायचो. चालायची चांगली. हीटर तेवढा दादा असतानाच बंद पडला होता. "म्हातारा झाला माझ्यासारखा," असं म्हणून दादांनी विषय संपवला होता.

आता मला तो विषय पुन्हा काढावा लागला, कारण माझी थोरली बहीण घाटापलीकडच्या हॉस्पिटलात होती. ताईच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालेलं. टाके असे, की तिला बसवून आणणं शक्यच नव्हतं, आडवं झोपवूनच आणायला हवं होतं. शनिवारपर्यंत घरी नेलं नाही तर थंडी संपेपर्यंत तिला आरामघरात, म्हणजे ऑपरेशननंतरच्या रुग्णांना ठेवतात तिथे, पाठवणार होते. हॉस्पिटलची गाडी आरामघरापर्यंत सोडणार, पण घाट ओलांडणार नाही. टॅक्सीवाले घाटात बर्फ पडलं की फोनसुद्धा उचलत नाहीत. राहता राहिली दादांची गाडी आणि तिचं ते पलंगासारखं सीट.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टर मला म्हणाले होते, "गार वारा लागता कामा नये. छातीत थंडी भरली तर पुन्हा इथेच यावं लागेल, आणि मग मी काही सांगू शकत नाही."

ताई फोनवर एवढंच म्हणाली, "मला तिथे नको रे. घरी ने." ताईला मी लहानपणापासून रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी फोनवर ऐकलं.

म्हणून मी कामं बाजूला ठेवली आणि हीटरला हात घातला.

प्रकरण तसं साधं. इंजिनात तापलेलं पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डखालच्या एका पेटीत येतं. पेटीत छोटासा रेडिएटर असतो, मागून पंखा वारा मारतो, गरम हवा आत येते. पाणी आणि नळ्या! मी बायकोला म्हटलं, "अगं, हे तर आपलंच काम. दुपारपर्यंत उरकतो."

"बघा हं," बायको म्हणाली. "स्वयंपाकघरातला नळसुद्धा दुपारपर्यंत उरकणार होता. कुठल्या वर्षीच्या दुपारी ते नाही सांगितलंत."

मी दुर्लक्ष केलं. पाण्याचा कॉक गंजून घट्ट बसला होता. तो सोडवता सोडवता दोन बोटं सोलली. छोट्या रेडिएटरमध्ये पाणी सोडलं तर चिखल बाहेर आला. चहासारखं पाणी, मग नुसता गाळ, मग एक मेलेलं झुरळ. ते तिथे कसं पोचलं ते देव जाणे. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. नळ्या बदलल्या. सगळं पुन्हा बसवलं, आणि ते बसवणं म्हणजे काय विचारू नका. सीटवर डोकं, छतावर पाय आणि तोंडात स्क्रू अशा अवस्थेत मी डॅशबोर्डखाली अडकलो होतो आणि नेमकी तेव्हा आई आली.

"चहा आणलाय. थंडी नाही ना वाजत तुला?"

"हं," मी स्क्रूंमधून म्हणालो.

"शेडच्या त्या फटीतून वारा येतोय बघ. थांब, बोळा लावते."

आईचे बोळे आमच्याकडे प्रसिद्ध आहेत. वारा हा तिचा जन्माचा शत्रू. घरात जिथे म्हणून फट, तिथे आईचा बोळा. जुन्या कापडाच्या घड्या घालून, दाबून, वरून टाके मारून केलेले, मुठीएवढे, बोटाएवढे. खिडकीत बोळा, दाराखाली बोळा, किल्लीच्या भोकात बोळा. माझ्या लग्नात सासरेबुवांना आमच्या घरी आंघोळ करायची होती, तर न्हाणीघराच्या मोरीतसुद्धा बोळा होता आणि ते घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून हाका मारत होते. पिशवीत, पर्समध्ये, स्वेटरच्या खिशात तिचे बोळे तयारच असतात.

इंजिन सुरू केलं, तापू दिलं, हीटर लावला. पंखा घुं घुं करायला लागला. डॅशबोर्डवर जिथून हवा बाहेर येते त्या झडपेसमोर मी हात धरला. हवा नाही! गरम नाही, गार नाही, काहीच नाही. दोन्ही नळ्या हात भाजेल इतक्या तापलेल्या आणि हवा ढिम्म.

मला वाटलं, पाणी पुरेसं फिरत नसेल. पुन्हा सगळं खोललं. पुन्हा धुतलं. इंजिनाचा थर्मोस्टॅट बदलला. पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. आता हसू नका, पण मी तिसऱ्यांदाही पाणीच बघितलं. नळाच्या माणसाला जगातलं सगळं दुखणं पाण्यातच दिसतं. शेवटी हात टेकले आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्रींनी आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि हसले. "नळवाले, पाणी झकास आहे हो. तुमच्याकडे हवा कुठून येते ते बघितलंत का?"

"पंख्यातून."

"पंख्यात कुठून येते?"

काचेच्या खाली, बॉनेटच्या वरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं. आतला दांडा ढकलला की ते उघडतं आणि बाहेरची हवा आत जाते. मी ते झाकण उघडलं आणि आत हात घातला. बोटांना मऊ काहीतरी लागलं. मला वाटलं उंदीर. किंचाळलोच. ओढून काढलं तर काळाकुट्ट, तेलकट, टाके मारलेला बोळा!

मिस्त्री शेडच्या खांबाला धरून हसत होते. मला मात्र आनंद झाला होता, म्हणून मीही हसलो. हीटर लावला तर भट्टीसारखी ऊब. बायकोला बोलावून दाखवली. तिने झडपेसमोर दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आता स्वयंपाकघरातला नळ." ताईला फोन केला, "शनिवारी सकाळी निघतो, तयार राहा." मी झाकण उघडंच ठेवलं आणि सुखाने झोपलो.

शनिवारी सकाळी, निघण्याआधी, इंजिन तापवलं. हीटर लावला. पंखा घुं घुं. हवा नाही.

माझं डोकंच फिरलं. आता पंखा गेला असणार! वेळ नाही, घाट दुपारनंतर बंद होतो, तिकडे ताई कपडे घालून वाट बघत असणार, आणि मी पुन्हा डॅशबोर्डखाली उलटा. पेटी खोलताना एक स्क्रू सीटखाली गेला, तो शोधताना कपाळ दारावर आपटलं. पंखा तर ठणठणीत! मग एकदम लक्षात आलं. बाहेर आलो, झाकणात हात घातला. नवा कोरा बोळा. उशीच्या निळ्या अभ्र्याचा, घट्ट, नेमक्या मापाचा.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई!"

आई धावत आली. शाल, टोपी, पर्स, सगळी तयारी झालेली, कारण तीही येणार होती.

"हे काय आहे?"

"अरे, तिथे भोक उघडं राहिलं होतं. मोठं. वारा थेट आत येतो. दादांना खोकला लागला होता ना, तेव्हाही मीच लावला होता. ताईला लागेल म्हणून—"

"तुझ्यामुळे हीटर बंद होता! एवढी वर्षं! दादा थंडीत कुडकुडत गाडी चालवायचे ते तुझ्या या चिंधीमुळे!"

हे बोलायला नको होतं. पण बोललो. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं, पण माझ्या तोंडाचा कॉक एकदा उघडला की बंद होत नाही. मी तिची पर्स घेतली आणि उलटी केली. बोळे, बोळे, बोळे. स्वेटरचे खिसे रिकामे करायला लावले. सगळे गोळा करून शेडबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"आता गाडीला हात लावायचा नाही. घाटात माझ्याशी बोलायचं नाही, थांब म्हणायचं नाही. रस्ता निसरडा असतो. कळलं?"

"बरं," आई म्हणाली. बायको दारातून माझ्याकडे बघत होती. ती वळून आत गेली.

जाताना आई गप्पच होती. मला वाटलं, फुगलीये. फुगू दे.

हॉस्पिटलात नर्सने आणि मी ताईला मागच्या सीटवर झोपवलं. डोकं आईच्या मांडीवर, अंगावर आईची शाल. ताईने झडपेकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "अहाहा! दादांच्या गाडीत कधी ऊब होती का रे अशी?" मला इतकं बरं वाटलं, की सोललेली बोटंसुद्धा दुखेनाशी झाली.

घाट मात्र वाईट होता. रस्त्यावर बर्फाचा चकचकीत थर, एका बाजूला कडा, समोर धुकं. माझे डोळे काचेवर चिकटलेले. मागून कसलासा शिट्टीसारखा आवाज आला, मग थांबला. जुन्या गाडीत आवाज यायचेच. एकदा ताई खोकली, मी आरशात बघितलं. आई खिडकीला टेकून बसली होती, एक हात वर काचेशी धरून. बाहेर बघत असेल, असं वाटलं. मी पुन्हा रस्ता बघायला लागलो.

संध्याकाळ व्हायच्या आत घरी पोचलो. बायको धावत आली, आम्ही दोघांनी ताईला अलगद आत नेलं, अंथरुणावर टेकवलं. तिचे गाल उबदार होते. एकदाही शिंकली नाही. मी जिंकलो होतो.

आई अजून आली नाही म्हणून मी परत शेडमध्ये गेलो. ती मागच्या सीटवरच होती.

"उतर ना, आई."

"उतरते. हात जरा निघत नाहीये."

दार उघडलं तेव्हा दिसलं. खिडकीची काच धक्क्यांनी दोन बोटं खाली घसरून तिथेच अडकली होती, ताईच्या मानेच्या बरोबर वर. त्या फटीत आईचा हात होता. तळवा, मनगट, स्वेटरची बाही, सगळं तिथे कोंबलेलं. घाटाच्या पहिल्या वळणापासून. बोटं पांढरी पडली होती आणि नखं निळी.

"अगं, हाक मारायची ना!"

"तू बोलू नको म्हणालास. रस्ता निसरडा होता." तिने माझ्याकडे बघितलं आणि जरा घाबरत म्हणाली, "रुमाल लावला होता आधी. उडून गेला. बोळा नव्हता ना रे, म्हणून हात लावला गाडीला."

मी हळूहळू काच खाली केली, तिचा हात सोडवला. बर्फ हातात घेतल्यासारखा लागला. मी तिला पुढच्या सीटवर आणून बसवलं, शेडचं दार सताड उघडलं, इंजिन सुरू केलं आणि हीटर लावला. तिची बोटं माझ्या दोन्ही हातांत धरून झडपेसमोर नेली. हवा आली. चांगली गरम होती.

"छान झालाय हो हीटर," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "अरे, पेट्रोल जळतंय उगीच. बंद कर."

"जळू दे," मी म्हटलं, आणि तिचा हात सोडला नाही.