यादीतलं पाचवं नाव

"शालनचं नाव घालायचं न्हाई म्हंजे न्हाई," शशिकला वहिनी चुलीपुढून म्हणाल्या. "तिनं कवा मागितल्यात पैसं?"

"मागितलं नसंल, पर दिल्यात का न्हाई तिनं?" रघुवीर म्हणाला. "कोर्टात शपथ घ्यायचीय. खोटं कसं बोलू?"

मी मांडीवर पाट घेऊन यादी लिहीत बसलो होतो. चौऱ्याहत्तर सालचा जून. दारातून झळ आणि धूळ एकदमच आत येत होती. बुडैल म्हणजे चंदीगडच्या मध्ये अडकून पडलेलं खेडं. चहूकडे सरळ रस्ते आणि सेक्टर, इथं मात्र शेणाचे ढीग, म्हशी आणि मातीच्या भिंती. भाडं कमी म्हणून रघुवीर इथं राहायचा. आमच्या केंद्र सरकारी कचेरीत तो ड्रायव्हर, मी कारकून. दोघंही साताऱ्याकडचे, बदलीवर इथं येऊन पडलेले.

पगारात गड्याचं बरं चाललं होतं. पण शेजारच्या सरदारजींच्या म्हशी बघून त्याच्यातला शेतकरी जागा झाला. लालाकडून व्याजानं पैसे उचलून म्हैस घेतली, ती पोट फुगून मेली. तिचं कर्ज फेडायला दुसरी घेतली, ती आटली. तेवढ्यात वहिनींचं ऑपरेशन निघालं. मी त्याला तेव्हाच बजावलं होतं, पण माझं ऐकतो कोण. लाला, ऑफिसची सोसायटी, पेंडवाला, वाणी असे चारजण त्याच्या मानेवर बसले. लालानं दावा लावून पगारावर जप्ती आणली, तेव्हा वकिलाच्या मुन्शीनं, नरेशनं, वाट दाखवली. नादारीचा अर्ज करायचा. कोर्ट असेल ते विकून सगळ्यांना वाटणार, मग कोणी दारात यायचं नाही. मात्र ज्याचं ज्याचं देणं, त्याचं त्याचं नाव यादीत हवं.

"एक भी नाम छूट गया, तो अर्जी खारिज," नरेश म्हणाला होता. "ऊपर से झूठे हलफनामे का केस." अर्ज तर जाणारच, वर खोट्या शपथेचा खटला.

पाचवं नाव रघुवीरच्या धाकट्या बहिणीचं, शालनचं. वहिनींच्या ऑपरेशनला तिनं आपली ठुशी मोडून सहाशे रुपये पाठवले होते. नवऱ्याला, माधवरावांना, सांगितलं की धुणं धुताना ठुशी कृष्णेत पडली. त्या माणसानं दोन दिवस पाण्यात उतरून शोधलं होतं, आणि मग विषय सोडला होता.

"तुमी सांगा की भाऊजी ह्येंना," वहिनी मला म्हणाल्या.

मी काय सांगणार. कोर्टाला मीही भितो. "शपथेचं काम आहे वहिनी," म्हणालो, आणि माझ्या वळणदार अक्षरात शालनचं नाव लिहिलं, गावाच्या पूर्ण पत्त्यासकट.

कोर्टानं पाचही जणांना नोटिसा धाडल्या. हरकत असेल त्यानं तारखेला यावं, एवढाच त्याचा अर्थ. नसेल तर यायची गरज नाही, हे शहरातल्या वाण्यालाही कळलं. पण शालनच्या गावात कोर्टाचा कागद कोणाला वाचता येतो? पोस्टमास्तरांनी इंग्रजी चाळून सांगितलं, शालनला बोलावणं आहे, नाही गेलं तर वॉरंट निघेल.

जानेवारीत, धुक्यानं दहा हातांवरचं दिसत नव्हतं अशा सकाळी, कोर्टाच्या दारात दोघं उभी. माधवरावांच्या अंगावर घोंगडं, शालनच्या अंगावर सुती लुगडं.

"शेळी इकून तिकिटं काढली," माधवराव म्हणाले. "आता काय भानगड हाय ती सांगा पाव्हणं. हिचं नाव कसं आलं ह्यात?"

रघुवीरनं माझा हात धरला आणि तेवढ्यात पुकारा झाला.

शालनला हिंदी येत नव्हती, म्हणून मला दुभाषा म्हणून उभं केलं. माधवराव मागं, हाताच्या अंतरावर.

"पूछिए," न्यायाधीश म्हणाले, "इनको छह सौ रुपये लेने हैं?"

ती हो म्हणाली तर तिचं घर बुडत होतं. नाही म्हणाली तर यादी खोटी ठरून भाऊ बुडत होता. मी होईल तेवढ्या हळू आवाजात विचारलं. तरी ऐकू गेलंच.

"कसलं सहाशे?" माधवराव म्हणाले.

शालननं भावाकडं पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली असती तरी ती नाही म्हणाली असती, हे मी आजही सांगतो. पण रघुवीर जमिनीकडं बघत राहिला. मला त्याचा तेव्हा राग आला आणि माझा त्याहून जास्त.

"व्हय," शालन म्हणाली. "दिल्यात."

"आदमी ईमानदार है," न्यायाधीश म्हणाले. अर्ज मंजूर झाला.

माधवरावांनी आरडाओरडा केला नाही. बुडैलला आले, जेवले, झोपले. सकाळी घोंगडं खांद्यावर टाकलं. शालन बोचकं बांधायला उठली, तर म्हणाले, "तू कशाला? ऱ्हा की भावाकडं थोडं दिस."

थोडे दिवस संपेनात. शालन शेजारच्या सेक्टरात दोन घरची भांडी घासू लागली. मिळेल ते वहिनींच्या हातावर ठेवायची. वहिनी रडत घ्यायच्या, पण घ्यायच्या. रघुवीर ती घराबाहेर पडल्यावरच जेवायला बसायचा. माधवरावांना मी आठ पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये कोर्टानं आटलेली म्हैस आणि रेडिओ विकून वाटणी केली. शालनच्या वाट्याला एक्केचाळीस रुपये आले. ते यादीतल्या पत्त्यावर मनिऑर्डरनं गेले, आणि परत आले. फॉर्मवर काही लिहिलं होतं ते कोणाला लागेना, म्हणून नरेश तो घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मराठी है शायद. पढ़ दो जी."

मी वाचलं. संध्याकाळी फॉर्म घेऊन बुडैलला गेलो. शालन ओट्यावर बसून पायांना तेल चोळत होती. रघुवीर मला बघून आत गेला.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं.

खोटं सांगायचं ठरवूनच आलो होतो. पण तोंडावर आलं तेव्हा जमलं नाही. "सदर नावाची बाई या घरात राहत नाही," मी वाचलं.

तिनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं.

"पोस्टमनचं अक्षर हाय?"

"नाही. माधवरावांचं. खाली सही आहे त्यांची."

तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"पावसाळ्यात त्येंचा दमा लई उठतो," ती म्हणाली. "पाच म्हैनं काय खबर न्हवती. सही केलीया म्हंजी बरं हायत." मग कागद मला परत दिला आणि भांड्याला जायची वेळ झाली म्हणून उठली.