सुजेचा कागद

त्या कागदावर चार ओळी होत्या. मी शाळेत दोनच वर्षं गेलेली, तरी त्या मला अजून पाठ आहेत. गर्भपिशवीच्या तोंडाशी तीव्र सूज. पेशींत बदल दिसतो. उपचार घ्यावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

सत्याऐंशी सालची गोष्ट. आज मी एक्याऐंशीची आहे, आणि जेजू बेटावरच्या आमच्या बुलतोकमध्ये बसणाऱ्या त्या वेळच्या वीसजणींपैकी आम्ही तिघीच उरलो आहोत. बुलतोक म्हणजे समुद्राला लागून दगडांचं गोल कुंपण, मधोमध आगटी. समुद्रतळाचे शिंपले काढायला बुडी मारायला जाताना तिथे कपडे उतरवायचे, वर आलं की तिथेच अंग शेकायचं. धूर जाईल त्याच्या उलट बाजूला पट्टीच्या बायका बसायच्या, धुराच्या तोंडाला नवशिक्या. मी तेव्हा पट्टीच्यांत होते. त्या कुंपणात कुणाचंच काही लपायचं नाही. कुणाच्या पाठीवर वळ आहे, कुणाचं पोट सुटलंय, सगळं आगटीच्या उजेडात दिसायचं.

वसंतात आरोग्य केंद्राची नर्स आली. तीस वर्षांवरच्या सगळ्या बायकांची कर्करोगासाठी तपासणी करायची म्हणाली. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत करू, म्हणजे तुमची बुडी बुडणार नाही, असंही म्हणाली. पोरगी हुशार होती. जाताना तिने बजावलं, "दोन दिवस आधीपासून आतून काही धुऊ नका हं. आणि कसल्या गोळ्या चालू असतील तर मला सांगा."

ती वळणावरून दिसेनाशी झाली तसं आमच्या म्होरक्या ह्यन सामचुन, वडीलधाऱ्यांना आम्ही सामचुन म्हणतो, त्या म्हणाल्या, "ऐकलंत? न धुता या म्हणे! परक्या माणसाला घरात घ्यायचं तर आधी केर काढायला नको?"

"डॉक्टरला वाटेल, जेजूच्या बायका घाणेरड्या," सुनडोक म्हणाली.

झालं. आदल्या संध्याकाळी आम्ही वीसच्या वीसजणी सामचुनच्या मागच्या अंगणात जमलो. मोठ्या पातेल्यात नागदवणा उकळला, त्यात समुद्राचं मीठ टाकलं. बाळंतिणीला देतात तशी वाफ घेतली, मग त्याच पाण्याने धुतलं. हसून हसून पोटं दुखली. त्यातच माझा उजवा कान वाहत होता. बुडी मारणाऱ्या बाईचा कान वाहायचाच. दुकानातून आणलेल्या कॅप्सूल बारा दिवस चालू होत्या. पण कानाच्या गोळ्यांचा खालच्या तपासणीशी काय संबंध? मी नर्सला बोलले नाही.

महिन्याने नर्स कागद घेऊन थेट बुलतोकमध्येच आली. चौघींना लिहून आलं होतं, नमुना अपुरा, पुन्हा द्यावा. बाकीच्यांचं ठीक. माझ्या एकटीच्या कागदावर त्या चार ओळी. नर्सने मला बाजूला घ्यायला पाहिलं, पण बाजू होती कुठे?

"सूज?" सुनडोकने माझ्या खांद्यावरून वाचलं. "अगं, खाली सूज आपोआप येते होय? कुणीतरी आणून दिल्याशिवाय?"

"बुसानहून आणली असेल," दुसरी म्हणाली. "संत्र्यांच्या पेट्यांतून."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण माझा नवरा, मिरानचे बाबा, त्या हिवाळ्यात खरंच समुद्रापलीकडे बुसानला गेले होते. आमच्या बागेतली संत्री विकायला म्हणून गेले ते बावीस दिवस राहिले. संत्री विकायला बावीस दिवस लागतात?

नर्स म्हणाली, "बाई, असं काही ठरवू नका. डॉक्टरला दाखवा." पण आमच्या केंद्रातला डॉक्टर म्हणजे सक्तीची सेवा करायला आलेला पंचविशीतला मुलगा. त्याला मी काय दाखवणार? मी गेले नाही. खाज सुटायची, जळजळ व्हायची, ते सगळं सोसलं, आणि नवऱ्यावर पाळत ठेवायला लागले.

आता लिहिताना लाज वाटते, पण मी त्यांचे खिसे उलटे केले. एक नवा कंगवा सापडला. टक्कल पडत चाललेल्या माणसाला नवा कंगवा कशाला? स्वतःचे कपडे ते स्वतःच झऱ्यावर धुवायला लागले होते. पूर्वी कधी धुतले होते? एका बाजाराच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून बसमध्ये चढले. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, "सगीपोला. काम आहे." काय काम, ते सांगितलं नाही. आठवड्याने पुन्हा गेले.

माझा कागद मी पेटीत, हिवाळी जाकिटाच्या घडीत ठेवला होता. एके दिवशी काढून पाहिला तर घडी वेगळी. मी उभा दुमडला होता, तो आडवा दुमडलेला. म्हणजे त्यांनी वाचला होता! वाचला, आणि एका शब्दाने विचारलं नाही. ज्याच्या मनात पाप नाही तो विचारणार नाही का?

त्याच संध्याकाळी मी त्यांची गादी उचलून बाहेरच्या घरात नेऊन टाकली. आमच्याकडे एकाच अंगणात आतलं घर आणि बाहेरचं घर असतं, चुली वेगळ्या. सासू वारल्यापासून बाहेरचं घर रिकामंच होतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं घर. तांदूळ, बार्ली, मुळ्याचं लोणचं ठेवलंय. चूल तुम्हाला येतेच. बुसानला बावीस दिवस कोण रांधून घालत होतं?"

भांडतील असं वाटलं होतं. भांडले असते तर बरं झालं असतं. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. यावरून तर माझी खात्रीच पटली.

आमच्या मुलीला, मिरानला, शहरात शिकायला ठेवलं होतं. शिक्षण पुरं होईपर्यंत कळ काढायची आणि मग या माणसाशी कागदोपत्री वेगळं व्हायचं, असं मी ठरवून टाकलं. समुद्रातून मी माझं पोट भरत होते. तेवीस वर्षांचा संसार मोडायला मला कुणाची परवानगी नको होती, फक्त एक पुरावा हवा होता.

दोन महिने असे गेले. शेवटी ह्यन सामचुननेच मला आगटीपाशी धरलं. "बस झालं तुझं. नवऱ्याला शिक्षा देतेस ती दे, पण स्वतःला का? तुला पाण्यात नीट दम धरवत नाही. उद्या माझ्याबरोबर शहरात चल. बाईडॉक्टर आहे."

बाईडॉक्टर पन्नाशीची, जाड चष्म्याची. तिने तपासलं, काचेवर नमुना घेऊन आत जाऊन पाहून आली आणि भराभर विचारत सुटली. रबरी पोशाखात किती तास असता? सहा. गेल्या काही महिन्यांत गोळ्या कसल्या घेतल्या? मी कानाचं सांगितलं. तपासणीआधी काय केलं होतं? मी सामचुनकडे पाहिलं. सामचुननेच खाली मान घालून नागदवण्याचं सांगितलं.

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "मिठाने सोलवटून आलात तपासणीला! अहो, ही साधी बुरशी आहे. कानाच्या गोळ्यांनी अंगातले चांगले जंतूही मारले, वर ओलं रबर, वर वाफ. तिला आणखी काय हवं?"

"म्हणजे... कुणी आणून दिलेली नाही?"

"नवऱ्याला विचारू नका, कानाला विचारा."

मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "सूज असली की पेशी वेड्यावाकड्या दिसतात. त्यात खरंच काही वाईट आहे की नाही, ते कळत नाही. तुम्ही गढूळ पाण्यात शिंपले शोधता का? थांबता ना, पाणी निवळेपर्यंत? तसंच. औषध घ्या, आणि सांगेन तेव्हा परत या. चुकवू नका. गढूळ पाण्याखाली काही असूही शकतं."

परतीच्या बसमध्ये सामचुन आनंदात होत्या. "सुटला बिचारा!"

मी मात्र खिडकीतून बाहेर बघत विचार करत होते. ही डॉक्टरबाई शहाणी आहे, चार संसार पाहिलेली. घर मोडू नये म्हणून बायकांना असंच सांगत नसेल कशावरून? आणि बुरशी तर बुरशी, बावीस दिवस कुठे गेले? मी गोळ्या घेतल्या, खाज गेली. संशय राहिला. मिरानच्या बाबांची गादीही बाहेरच राहिली.

सांगितलेल्या दिवशी मी पुन्हा नमुना दिला. या वेळी काही धुतलं नाही. पंधरा दिवसांनी कागद आला. सूज नाही. पेशी ठीक.

मी अंगण ओलांडून बाहेरच्या घराच्या दाराशी गेले. ते कुबड काढून मासे साफ करत होते. माझ्या हातात कागद पाहिला आणि सुरी खाली ठेवली.

"ठीक आलाय," मी म्हटलं.

"म्हणजे जिवाला धोका नाही ना?"

तीन महिने मी तो कागद म्हणजे त्यांच्यावरचा आरोप म्हणून वाचत होते. तो माझ्या जिवाचा कागद आहे, हे माझ्या डोक्यातून गेलंच होतं.

"सगीपोच्या औषधवाल्याला दोनदा विचारून आलो," ते म्हणाले. "तो म्हणाला, पेशींत बदल म्हणजे कर्करोगही असू शकतो, बायकोला घेऊन या. कसा आणणार? तू बोलत तरी होतीस का?"

"पेटीतून कागद काढून वाचलात, मग मला का नाही विचारलंत?"

"भीती वाटली," ते म्हणाले. "कर्करोग आहे का विचारलं, आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

डोळ्यांत पाणी आलं ते मी येऊ दिलं. पण मी जेजूची बाई. एकदा पाण्यात उतरलं की तळ पाहिल्याशिवाय वर येणं माहीत नाही. एवढे महिने जे विचारायला हवं होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा सरळ विचारलं.

"आणि बुसानला बावीस दिवस काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"संत्री होती," ते म्हणाले. "निम्मी नासली. ती खपेपर्यंत थांबलो. तुला तोंड कसं दाखवायचं म्हणून बोललो नाही."

खरं असेल. नासलेली संत्री खपवून आलेला माणूस घरी बढाया मारत येतो, गप्प येत नाही, असंही मला त्याच क्षणी वाटून गेलं. मी आणखी खोदलं नाही. त्यांनी हात धुतले, मी गादीचं एक टोक धरलं, दुसरं त्यांनी, आणि आम्ही ती अंगणातून आतल्या घरात आणली. वारले तोवर, अठरा वर्षं, ते त्याच गादीवर माझ्या शेजारी झोपले. चांगला माणूस होता. बुसानबद्दल मी पुन्हा विचारलं नाही, आणि ऐकलेलं उत्तर पूर्ण मानलंही नाही.