चौदा पक्षी

प्रशिक्षकाने नोंदवही टेबलावर आपटली तशी ड्रोनची सुटी पाती उडून खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"वर्षात चौदा वेळा ड्रोन पडले," तो म्हणाला. "आणि चौदाही वेळा कारण एकच, पक्षी धडकला. सातव्या नोंदीतला पक्षी तर बंद सभागृहात धडकलाय. तिकीट काढून आत आला होता का तो?"

बारा पोलिस पायलट खाली बघत बसले. कुणीतरी हसू गिळलं.

तीन दिवस तो घसा फोडून सांगत होता. वारा बघा, बॅटरी तपासा, ड्रोन पडला तर खरं कारण लिहा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी! ही माणसं मठ्ठ नव्हती. उलट फार शहाणी होती आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. खरं लिहिलं की चौकशी मागे लागायची, पक्षी लिहिला की कागद निमूट फायलीत जायचा. पक्ष्याला नोटीस कोण काढणार?

पण उद्या सकाळी मैदानावरच्या सभेवर याच ड्रोननी नजर ठेवायची होती. खाली तीस हजार माणसं असणार. तीन नंबरचा ड्रोन गेल्या आठवड्यात का पडला, हे कळल्याशिवाय प्रशिक्षक उड्डाणाच्या परवानगीवर सही करणार नव्हता. साहेब शेजारच्या खोलीत त्या सहीसाठी खोळंबले होते.

"तीन नंबर कोण उडवत होतं?"

"बघून सांगतो, सर," जुना हवालदार म्हणाला. सकाळपासून त्याचं हेच पालुपद चाललं होतं.

"कुठे बघून? आभाळात?"

प्रशिक्षकाने कपाळावर हात मारला. मग प्रत्येक वर्गात सांगायचा ती गोष्ट त्याने पुन्हा काढली. एका पायलटचा ड्रोन भरबाजारात कोसळला आणि भाजी निवडत उभ्या असलेल्या बाईचा डोळा गेला.

"सर," मागच्या बाकावरच्या महिला शिपायाने विचारलं, "त्या पायलटने नोंदवहीत काय लिहिलं होतं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. प्रशिक्षक फळा पुसायला वळला. फळा कोराच होता.

"वारा," तो म्हणाला.

"आणि खरं काय होतं?"

"झाडाचं पान हलत नव्हतं त्या दिवशी. बॅटरी जुनी झाली होती. मला ठाऊक होतं ते, तरी उडवला."

बोलून गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. तीन दिवसांचा संताप कुठल्या कुठे गेला.

शिपाई उठून उभी राहिली.

"तीन नंबर मी उडवत होते, सर. पडद्यावर बॅटरी चाळीस टक्के दाखवत होती आणि हवेतच सगळं बंद पडलं. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं."

"कुठली बॅटरी?" त्याने टेबलाकडे बोट केलं. तिथल्या सगळ्या नव्या कोऱ्या होत्या.

ती हवालदाराकडे बघू लागली. हवालदाराने मान खाजवली.

"या तपासणीत दाखवायच्या, सर. वापरायच्या खाली गाडीत असतात."

तो जाऊन खोकं घेऊन आला. पहिली बॅटरी त्याने टेबलावर ठेवली. ती इतकी फुगली होती की सपाट बसेना, डुगडुगत राहिली. मग दुसरी, मग तिसरी. आठवी ठेवून झाल्यावर खोकं रिकामं झालं.

"यातल्या उद्या कुठल्या लावणार होतात?"

"याच, सर. सगळ्या."

प्रशिक्षक खुर्चीत बसला आणि नकार लिहायला त्याने परवानगीचा कागद पुढे ओढला. हवालदाराने तो त्याच्या हाताखालून अलगद काढून घेतला आणि टोपी डोक्यावर चढवली.

"साहेबांना बॅटऱ्यांचं मी सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही फक्त माझ्याबरोबर आत चला."